शिपाई ते कमिशनर : मुंबई पोलिसांच्या पदांची उतरंड आली कुठून

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मुंबईतल्या मैदानांवर पहाटेपासून पळणारी पोरं-पोरी दिसायला लागतात, आणि त्यांच्यात जरा वेळ बसलं की एक प्रश्न हमखास निघतो, शिपाई म्हणून लागलो तर रिटायर होताना कुठपर्यंत पोचू. खरं उत्तर असं आहे की बरेचसे हवालदार किंवा एएसआय होऊन घरी जातात, काही पीएसआय होतात, आणि त्याच्या वर जाणारे फारच थोडे. कमिशनरच्या खुर्चीत बसणारा माणूस आयपीएसमधूनच येतो. हे असं का, याचं उत्तर आजच्या जीआरमध्ये शोधून सापडत नाही, त्यासाठी साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आजची उतरंड एकदा सांगून टाकतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सगळ्यात खाली पोलीस शिपाई, मग हवालदार म्हणजे हेड कॉन्स्टेबल ज्याच्या बाहीवर तीन फिती असतात, मग एएसआय म्हणजे सहायक फौजदार ज्याच्या खांद्यावर एक स्टार आणि लाल-निळी रिबन. इथपर्यंतच्या सगळ्यांना खात्यात 'अंमलदार' म्हणतात. त्यानंतर पीएसआय म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, दोन स्टार, आणि इथून पुढे 'अधिकारी' सुरू. मग एपीआय म्हणजे सहायक निरीक्षक, मग पीआय म्हणजे निरीक्षक. पोलीस ठाण्याचा प्रमुख असतो त्याला मुंबईत सगळे सीनियर पीआय म्हणतात, पण ती वेगळी रँक नाही, रँक पीआयचीच, खांद्यावरचे स्टार तेच, फक्त जबाबदारी ठाण्याची. त्याच्या वर विभागाचा एसीपी (सहायक आयुक्त), परिमंडळाचा डीसीपी (उपायुक्त), मग दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा पाच प्रादेशिक विभागांचे ॲडिशनल सीपी म्हणजे अपर आयुक्त, मग जॉइंट सीपी म्हणजे सहआयुक्त (कायदा-सुव्यवस्था, क्राइम, ट्रॅफिक वगैरे) आणि शेवटी क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या दगडी इमारतीत बसणारे पोलीस आयुक्त. जिल्ह्यात जो एसपी (अधीक्षक) असतो त्याच्या तोडीचा इथे डीसीपी, डीआयजीच्या (उपमहानिरीक्षक) तोडीचा ॲडिशनल सीपी आणि आयजीच्या (महानिरीक्षक) तोडीचा जॉइंट सीपी, नावं वेगळी पण खांद्यावरचं चिन्ह सारखंच.

आता यात नीट बघितलं तर ही एक सलग उतरंड नाहीच. हिच्यात माणूस आत शिरायचे वेगवेगळे दरवाजे आहेत, शिपाई भरतीचा एक, पीएसआयसाठी एमपीएससीचा दुसरा, डीवायएसपी (जिल्ह्यातला उपअधीक्षक) आणि एसीपीसाठी पुन्हा एमपीएससीचाच पण वेगळ्या परीक्षेचा, आणि यूपीएससीचा आयपीएसचा. ज्या दरवाजातून आत आलात त्यावर तुम्ही कुठे थांबणार हे बऱ्यापैकी ठरून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दरवाजे कुणी सोयीसाठी सहज ठेवलेले नाहीत, देशी माणूस एका ठराविक पायरीच्या वर जाऊ नये म्हणून कंपनी सरकारनं मधे जी फट ठेवली होती ती रंग बदलून अजून तशीच आहे.

शिवाजी महाराजांच्या लष्करात बघा काय होतं. पायदळात नऊ-दहा माणसांवर एक नाईक, असे पाच नाईक मिळून एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर एकहजारी, आणि सगळ्या पायदळाचा सरनोबत. घोडदळात पंचवीस स्वारांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, मग हजारी, पंचहजारी आणि वर घोडदळाचा सरनोबत. म्हणजे नाईकापासून सरनोबतापर्यंत सगळी एकच साखळी, मधे कुठे तोडलेली नाही. आणि किल्ल्यावर तर हवालदार म्हणजे गडाचा प्रमुख, दरवाजाच्या किल्ल्या त्याच्याकडे, संध्याकाळी दरवाजा बंद करणं आणि सकाळी उघडणं त्याच्या हुकमानं. एकाच माणसाच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून जोडीला सबनीस (हिशोब बघणारा), गडाच्या शिबंदीचा सरनोबत आणि कारखानीस (कोठार बघणारा) असत, पगार रोख मिळे, बदल्या होत, आणि पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. तेव्हाचा हवालदार हा असा वजनदार माणूस होता हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचं जे झालं ते या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे.

तिकडे मुघलांकडे सुभेदार म्हणजे अख्ख्या सुभ्याचा कारभारी, आजच्या भाषेत राज्यपाल म्हणा, आणि फौजदार म्हणजे मोठ्या मुलखाची शांतता सांभाळणारा, हाताखाली स्वतःची फौज असलेला अधिकारी. शहराची जबाबदारी कोतवालाची.

मुंबई बेटं पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला १६६१ च्या लग्नाच्या करारात गेली आणि १६६८ ला कंपनीकडे आली. कंपनीकडे स्वतःची माणसं मूठभर, समुद्रावर चाचे, रात्री बंदरातले दारू प्यायलेले खलाशी, त्यामुळे गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरनं १६६९ मध्ये जमीनदारांकडून माणसं घेऊन एक दल उभं केलं, साधारण पाचशेचं, त्यात भंडारी समाजाची माणसं जास्त म्हणून नावच भंडारी मिलिशिया पडलं. माहीम, शिवडी आणि शीव इथे त्यांचे प्रमुख बसायचे आणि त्या प्रमुखांना म्हणायचे सुभेदार. मुंबई पोलिसांचा इतिहास सांगताना सुरुवात इथूनच करतात. अख्खा सुभा सांभाळणाऱ्याचं पद आता शिवडीच्या एका चौकीवर येऊन बसलं, आणि ही फक्त सुरुवात होती.

पुढची शंभर वर्षं सोडून थेट १७६८ ला येतो. त्या वर्षी कंपनीनं मुंबईत देशी शिपायांच्या रीतसर पलटणी उभ्या केल्या, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण त्याच वेळची. या पलटणींत रँक आपल्याच घेतल्या, शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. सुरुवातीच्या काळात काही ठिकाणी देशी कमांडंटसुद्धा असायचे, म्हणजे अख्ख्या पलटणीवर देशी माणूस. पण १७९६ च्या फेररचनेत प्रत्येक पलटणीत युरोपियन अधिकाऱ्यांची संख्या वाढवली आणि सुभेदाराच्या हातातली खरी कमान काढून घेतली. त्यानंतर तीस-तीस वर्षं नोकरी करून, पांढऱ्या मिशा झाल्यावर सुभेदार झालेला माणूस कालच जहाजातून उतरलेल्या अठरा वर्षांच्या गोऱ्या पोराच्या हाताखाली. बढती निव्वळ सीनियॉरिटीवर, त्यामुळे वर पोचेपर्यंत माणूस थकलेला असायचा, आणि वर पोचला तरी ते 'वर' म्हणजे गोऱ्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली. गडाच्या किल्ल्या सांभाळणारा हवालदार इथे सार्जंटच्या बरोबरीचा झाला. नावं आपली ठेवली त्यामुळे गावाकडून भरती होणाऱ्या माणसाला मान वाटायचा, पण त्या मानामागचा अधिकार पूर्ण काढून घेतलेला. मला यातली सगळ्यात दुखणारी गोष्ट ही वाटते की हे इतकं हळूहळू झालं की दोन-तीन पिढ्यांत लोकांना हवालदार म्हणजे आधीपासूनच लहान माणूस असं वाटायला लागलं.

शहराच्या पोलिसांचं वेगळं चाललं होतं. १७७९ ला जेम्स टॉड नावाच्या माणसाला लेफ्टनंट ऑफ पोलीस नेमलं, मग त्या पदाचं नाव डेप्युटी ऑफ पोलीस झालं, आणि १७९० ला याच टॉडवर लाचखोरीचा खटला चालला. १७९३ च्या कायद्यानं सुपरिटेंडेंट ऑफ पोलीस हे पद आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चार्ल्स फोर्जेट आला, भारतातच जन्मलेला, मराठी-गुजराती-हिंदुस्थानी इथल्या माणसासारखी बोलणारा, वेष बदलून बाजारात फिरणारा. १८५७ ला मुंबईच्या पलटणींत उठाव शिजतोय याची खबर त्यानंच काढली आणि १५ ऑक्टोबर १८५७ ला ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गडिया या दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, तोफेच्या तोंडी दिलं. एक हवालदार आणि एक शिपाई. आझाद मैदानावर आपण आज मोर्चे बघतो, मॅच बघतो, ही दोन नावं मात्र फार कमी लोकांना माहीत आहेत याचं खरंच वाईट वाटतं.

१८५७ नं सरकार हादरलं आणि पोलिसांची नव्यानं आखणी झाली. १८६० चं कमिशन आणि १८६१ चा पोलीस कायदा, यात प्रांताला इन्स्पेक्टर जनरल, जिल्ह्याला सुपरिटेंडेंट, खाली इन्स्पेक्टर, हेड कॉन्स्टेबल, कॉन्स्टेबल अशी रचना पक्की झाली. नमुना घेतला तो आयर्लंडच्या पोलिसांचा, लंडनच्या नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आयर्लंडमध्ये पोलीस हे ताब्यातल्या प्रजेवर नजर ठेवणारं दल होतं, अर्धं लष्कर. मुंबई इलाख्यानं जिल्ह्यांसाठी स्वतःचे कायदे केले, त्यातला १८९० चा जास्त ओळखीचा, पण गाभा तोच. मुंबई शहराला मात्र लंडनसारखा कमिशनर मिळाला, १४ डिसेंबर १८६४ ला सर फ्रँक सूटर पहिले पोलीस कमिशनर झाले आणि १८८८ पर्यंत राहिले, म्हणजे जवळपास २४ वर्षं एकच माणूस. १८९६ ला कमिशनर ऑफिस आजच्या जागेवर आलं. शहरासाठी १९०२ चा वेगळा कायदा झाला.

या सगळ्यात फट कुठे होती? वरचे सगळे गोरे. १८९३ पासून वरच्या पोलीस नोकरीसाठी लंडनला परीक्षा सुरू झाली आणि तिचा दरवाजा भारतीयांना उघडला तो १९२० नंतर. मुंबईत तर मधल्या पायऱ्यांवरही युरोपियन आणि अँग्लो-इंडियन सार्जंट, इन्स्पेक्टर होते. स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींत गोरा सार्जंट वारंवार येतो तो यामुळे. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत बाबू गेनू विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला तेव्हा देशी ड्रायव्हरनं गाडी पुढे न्यायला नकार दिला आणि सार्जंटनं स्टिअरिंग हातात घेतलं असं सांगतात. रस्त्यावर निळ्या कपड्यातला, पिवळ्या टोपीचा मराठी शिपाई उभा, घाटावरून किंवा कोकणातून आलेला, आणि त्याच्या डोक्यावर हुकूम सोडणारा सार्जंट.

आता येतो ते १९०२-०३ चं फ्रेझर कमिशन, आणि मला विचाराल तर आजच्या शिपायाचं नशीब जितकं इथे लिहिलं गेलं तितकं दुसरीकडे कुठेच नाही. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या या कमिशननं सगळा देश फिरून चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की पोलीस अकार्यक्षम आहेत, भ्रष्ट आहेत, लोकांना छळतात. आजार बरोबर ओळखला. पण औषध काय दिलं, तर शिपायाकडे डोकं लागणारं काम द्यायचंच नाही, त्यानं पहारा, कैद्यांची ने-आण, निरोप पोचवणं, गर्दी हटवणं अशी यांत्रिक कामं करावीत, तपास वगैरे सब-इन्स्पेक्टरनं करावा, आणि हा सब-इन्स्पेक्टर शिकलेल्या वर्गातून थेट भरती करावा, खालून बढतीनं येणारे कमीत कमी ठेवावेत. शिकलेल्या देशी माणसांसाठी डेप्युटी सुपरिटेंडेंट हे पद काढलं, म्हणजे त्यांनाही एक छत घालून दिलं. थेट भरतीच्या सब-इन्स्पेक्टरांना शिकवायला १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला ट्रेनिंग स्कूल निघालं, ते १९०९ ला नाशिकला गेलं, तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. हा सब-इन्स्पेक्टर म्हणजेच आपल्या बोलण्यातला फौजदार. ठाण्याचा कारभार शिकलेल्या माणसाकडे गेला हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याची किंमत शिपायानं दिली, कारण तेव्हापासून व्यवस्थेनं ठरवूनच टाकलं की शिपाई हा विचार करणारा पोलीस नाही.

लष्करातही त्याच सुमारास तीच कुरबुर चालू होती. जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर हे व्हाइसरॉय कमिशन्ड ऑफिसर, व्हीसीओ, आणि गोरे ते किंग्ज कमिशनवाले, म्हणजे राजाच्या नावानं नेमलेले पूर्ण अधिकारी. व्हीसीओला देशी जवान सॅल्यूट करायचा, गोऱ्या सैनिकावर तशी सक्ती नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर थोड्या भारतीयांना किंग्ज कमिशन मिळालं, करिअप्पा त्यातले, १९१९ च्या इंदूरच्या तुकडीतले, आणि १९३२ ला डेहराडूनची अकादमी सुरू झाली. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा सरसेनापती झाले. पण व्हीसीओची पायरी रद्द नाही झाली, तिचं नाव जेसीओ झालं, आणि जमादारचा नायब सुभेदार १९६५ ला झाला, एवढंच. यात एक गोष्ट मान्य करायला हवी, लष्करात जेसीओला मोठा मान आहे, सुभेदार-मेजरचा शब्द कर्नलसुद्धा ऐकतो, जवान आणि ऑफिसर यांच्यातला तो दुवा खरोखर काम करतो. पोलिसात असा दुवा नीट उभाच राहिला नाही.

नौदलात काय झालं ते तर मुंबईनं डोळ्यांनी पाहिलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या तलवार या किनाऱ्यावरच्या तळावर रेटिंग्जनी, म्हणजे खालच्या रँकच्या नाविकांनी, जेवण नाकारलं. निकृष्ट जेवण, पगारातला फरक आणि गोऱ्या कमांडरच्या तोंडच्या शिव्या, ही कारणं. संपाच्या समितीचा अध्यक्ष एम. एस. खान हा लीडिंग सिग्नलमन आणि उपाध्यक्ष मदन सिंग हा पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट, दोघंही अधिकारी नव्हेत. गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात मुंबईत दोनशेहून जास्त माणसं गेली. रँकच्या उतरंडीत तळाला दाबून ठेवलेली माणसं काय करू शकतात हे सरकारला तेव्हा कळलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला ए. ई. कॅफिन यांच्याकडून जे. एस. भरूचा यांनी सूत्रं घेतली, मुंबईचे पहिले भारतीय कमिशनर. इंडियन पोलीसची आयपीएस झाली, २६ जानेवारी १९५० नंतर खांद्यावरचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, गोरे सार्जंट गेले, आणि १९५१ ला मुंबई पोलीस कायदा आला ज्यानं शहर आणि जिल्हे एकाच कायद्याखाली आणले, तोच आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून चालतो. वरच्या सगळ्या खुर्च्यांवर आपली माणसं बसली. पण खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायचा जिना तेवढाच अरुंद राहिला. शिपाई नायगावच्या, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत संसार करायचा, बारा-बारा चौदा-चौदा तास ड्युटी, सुट्टी नाही, आणि वर साहेबाच्या बंगल्यावर ऑर्डर्ली म्हणून घरकाम. शिपायाला घरगडी समजणं हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं तरी चालू होतं.

१९७७ ला धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, त्याचा पहिलाच अहवाल, फेब्रुवारी १९७९ चा, शिपायांवर होता. आठ अहवालांतला पहिला त्यांनी शिपायाला दिला याबद्दल त्या आयोगाला मानलं पाहिजे. फ्रेझरच्या काळातली यांत्रिक कामाची कल्पना सोडा, शिपायाला कुशल कामगाराचा पगार द्या, त्याला तपासात घ्या, मधली पदं वाढवा म्हणजे त्याला बढती मिळेल, ऑर्डर्ली पद्धत बंद करा, असं स्पष्ट सांगितलं. अहवाल कपाटात गेले. त्याच वर्षी देशभर पोलिसांमध्ये असंतोष उसळला, महाराष्ट्रातही कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली. मग १९८२. गिरणी संप जानेवारीपासून चालू, शहर तापलेलं, आणि १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारनं संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना रात्रीत उचललं, आणि १८ ऑगस्टला मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले. वरळी, नायगावचा परिसर पेटला, लष्कर आणि निमलष्करी दलं बोलवावी लागली. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री. कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या, संघटना संपली ती संपलीच. दंगल झाली, जाळपोळ झाली, त्याचं समर्थन करता येत नाही, पण त्यांच्या मागण्यांत घरकाम करायला लावू नका ही होती हे विसरून त्या दिवसांबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

वरच्या टोकाला मात्र पायऱ्या वाढत गेल्या. राज्याचा पोलीसप्रमुख आधी आयजी असायचा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो डीजी म्हणजे महासंचालक झाला, मग त्याच्याखाली एडीजी म्हणजे अपर महासंचालक, आणि मुंबईच्या कमिशनरची रँकही तशी वर सरकत गेली, कधी एडीजी, कधी डीजी. जानेवारी २०२३ ला तर विशेष पोलीस आयुक्त हे कमिशनर आणि जॉइंट सीपी यांच्या मधलं नवीन पद निघालं. महिलांसाठी वरचा दरवाजा उघडायला फार उशीर लागला, मीरा बोरवणकर २००४ ला क्राइम ब्रँचच्या प्रमुख झाल्या आणि राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक, रश्मी शुक्ला, जानेवारी २०२४ ला. वरच्यांच्या बदल्या मनमानी होऊ नयेत म्हणून सुप्रीम कोर्टानं २००६ च्या प्रकाश सिंग प्रकरणात किमान दोन वर्षांची मुदत आणि बदल्या-बढत्या बघणारं आस्थापना मंडळ सांगितलं, महाराष्ट्रानं २०१४ ला कायद्यात तसे बदल केले. यातलं बरंचसं आवश्यक होतं. पण खालच्या तीन पायऱ्यांकडे लक्ष जायला किती वर्षं लागली ते बघा.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र इथे सांगितलीच पाहिजे. महाराष्ट्र पोलिसातल्या चौघांना अशोकचक्र मिळालं, हेमंत करकरे जॉइंट कमिशनरच्या दर्जाचे, अशोक कामटे ॲडिशनल कमिशनर, विजय साळसकर सीनियर पीआय आणि तुकाराम ओंबळे एएसआय. ओंबळे साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, आधी लष्करात सिग्नल्समध्ये, तिथून नाईक म्हणून निवृत्त, १९९१ ला मुंबई पोलिसात. गिरगाव चौपाटीवर त्यांनी हातात बंदूक नसताना कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. कटाचा सगळा पुरावा त्या पकडीवर उभा राहिला. ज्या पायरीला १९०३ पासून डोकं न लावणारी पायरी ठरवलं होतं त्या पायरीवरच्या माणसानं क्षणात घेतलेला हा निर्णय आहे.

आणि डोक्याचंच म्हणाल तर २०१६. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायानं आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा स्वतः बनवला, आहे त्याच मनुष्यबळात पाळ्या कशा लावता येतील याचं गणित मांडलं, आणि तेव्हाचे कमिशनर दत्ता पडसलगीकर यांनी ते बाजूला न टाकता देवनारलाच प्रयोग म्हणून चालू केलं, मग बाकी ठाण्यांत नेलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कमिशननं जे काम शिपायाच्या आवाक्याबाहेरचं धरलं असतं ते एका शिपायानं केलं. कमिशनरनं ऐकलं हेही तितकंच मोलाचं, कारण उतरंडीत खालून वर कागद जाणं फार अवघड असतं.

बढतीच्या रचनेत खरा फरक पडला तो २०२२ ला. तोपर्यंत शिपाई, मग नाईक, मग हवालदार, मग एएसआय अशी चढण होती आणि प्रत्येक पायरीवर दहा-दहा वर्षं जायची, पीएसआयच्या दारात पोचेपर्यंत निवृत्ती आलेली. राज्य सरकारनं पोलीस नाईक हे पदच रद्द केलं आणि ती पदं वर-खाली वळती केली, म्हणजे शिपाई आता थेट हवालदार होतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या साखळीतलं पहिलं पद महाराष्ट्राच्या पोलिसातून असं गेलं, आणि मला त्याचं अजिबात दुःख नाही, कारण ते गेल्यानं हजारो माणसांची वर्षं वाचली. त्याच सुमारास तीस वर्षं सेवा झालेल्या एएसआयना श्रेणी पीएसआय करायचा निर्णय झाला. पीएसआयच्या जागांसाठी बरीच वर्षं निम्मे एमपीएससीतून थेट, पाव भाग खात्यांतर्गत परीक्षेतून आणि पाव भाग बढतीनं असा हिशोब चालत आला, आणि यातली खात्यांतर्गत परीक्षा ही शिपायासाठी सगळ्यात कामाची वाट, कारण तिच्यातून तिशीतला माणूस फौजदार होऊ शकतो, केस पांढरे व्हायची वाट बघावी लागत नाही. आज शिपाई भरतीत पदवीधर पोरं सर्रास दिसतात, अट बारावी पासची असली तरी, इंजिनियर सापडतात, एमए झालेल्या मुली सापडतात. फ्रेझर कमिशनला शिकलेला माणूस थेट फौजदार म्हणूनच आणावा लागेल असं वाटलं होतं, तो आता शिपायाच्या गणवेशातच आत येतोय, त्यामुळे परीक्षेतून भरायच्या जागा पाव भागावरून वाढवायला आज कुठलीच अडचण दिसत नाही.